तंजावरला बुधवारी जाऊ नका

सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दारावरचं कुलूप मला अजून आठवतं. पितळी, जाडजूड, हातांनी घासून घासून मधोमध उजळलेलं.

२०१२ च्या डिसेंबरात आम्ही घरातली सात माणसं एका यात्रा कंपनीबरोबर दक्षिण भारत पाहायला गेलो होतो. बारा दिवसांत कितीतरी देवळं, समुद्र, एक थंड हवेचं ठिकाण, आणि त्यात तंजावरच्या वाट्याला आला होता एक बुधवार, सकाळी साडेआठ ते दुपारी एक. आत्या पहिल्या दिवसापासून बसमध्ये एकच सांगत होती, "बाकी काही चुकलं तरी चालेल गं, सरस्वती महाल चुकवायचा नाही." तिने साताऱ्याकडच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. राजवाड्याच्या चौकात पोचल्यावर कळलं की ग्रंथालय दर बुधवारी बंद असतं. बरोबरच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी चाळीस जणांची बस त्याने गुरुवारवर ढकलली नसती. आत्या त्या दारासमोर पाचेक मिनिटं नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "चल, सगळे खोळंबलेत." परतीच्या अख्ख्या प्रवासात तिने तो विषय काढला नाही.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघीच तंजावरला निघालोय. चार दिवस, फक्त तंजावर. गेले तीन महिने माझ्या टेबलावर नकाशा, दोन वह्या आणि आत्याची पिवळी पडलेली टिपणं पसरलेली आहेत, आणि तयारी करता करता मला जे उमगत गेलं ते इथे लिहितेय.

पहिली गोष्ट किल्ल्याची. तंजावरचा किल्ला पाहायला जातोय असं म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर कडा, बुरूज, दिंडी दरवाजा असं काहीतरी उभं राहतं. तंजावर कावेरीच्या सपाट, भातशेतीच्या मुलखात आहे. नायक राजांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथे दोन कोट बांधले, तमिळमध्ये त्यांना थोरला कोट आणि धाकटा कोट म्हणतात. धाकट्यात, म्हणजे शिवगंगा कोटात, राजराज चोळाचं बृहदीश्वराचं देऊळ आहे. थोरल्यात राजवाडा आहे आणि जुनं गाव. तटबंदीचा बराचसा भाग आता उरलेला नाही. पण गावातल्या रस्त्यांची नावं वाचा: कीळ अलंगम, मेल अलंगम, वड अलंगम. अलंगम म्हणजे तट. पूर्वेचा तट, पश्चिमेचा तट, उत्तरेचा तट. भिंत गेली आणि तिच्या जागी राहणाऱ्या माणसांच्या पत्त्यात ती राहून गेली. मी नकाशावर या तीन रस्त्यांवरून पेन्सिलीने रेघ ओढली तेव्हा थोरल्या कोटाच्या तीन बाजू कागदावर आपोआप उमटल्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने याच रेघेवरून एक फेरी मारणार आहोत. त्याच गावात मनोजीअप्पा वीथी नावाचा रस्ता आहे. हे मानाजीराव जगताप, तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांचे सेनापती. जगतापांचे मनोजीअप्पा झाले, आणि रस्त्यावरच्या किराणा दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही.

मराठे तिथे गेले कसे हे आपल्याला शाळेत चार ओळींत सांगतात. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे विजापूरच्या हुकमावरून नायकांच्या भांडणात तंजावरला गेले आणि १६७६ च्या सुमारास स्वतःच तिथे राजे झाले. पुढच्याच वर्षी शिवराय दक्षिणेच्या स्वारीवर उतरले. कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडी आहे, तिथे दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा हा विषय निघाला, आणि एका रात्री व्यंकोजीराजे कुणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून गेले.

ही भेट आत्याने तीस वर्षं वर्गात शिकवली. ती सांगते, दर वर्षी एखादं पोर हात वर करून विचारायचंच, "बाई, ते रात्रीचे का पळाले?" आणि दर वर्षी तिचं उत्तर थोडं बदलायचं. तरुणपणी ती म्हणायची, भ्याले. पुढे म्हणायची, स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं राज्य वाटून द्यायला कोण तयार होईल? निवृत्त व्हायच्या सुमारास ती मुलांना व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाईंबद्दल सांगू लागली होती. पुढे दोघा भावांच्या फौजांत लढाई झाल्यावर समेटाची वाट त्यांनी काढली. "दोन भावांमधलं निभावलं ते त्या बाईने," असं आत्याचं ठाम मत आहे. म्हणून आमच्या चार दिवसांतला एक अख्खा दिवस तिरुमलवाडीचा आहे. तिथे पाहण्यासारखं काय आहे, असं मला दोघातिघांनी विचारलं. शिवाचं जुनं देऊळ आहे आणि नदी आहे. आत्याला नदीचं पात्र किती रुंद आहे ते बघायचंय. रात्रीच्या अंधारात ओलांडायला ते सोपं होतं का अवघड, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचंय. इतकी वर्षं शिकवलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाने खुशाल एक दिवस द्यावा.

आता सरफोजीराजे. दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२. यांच्याबद्दल मी थोडी सावकाश लिहिणार आहे, कारण यांच्यासाठीच बुधवार टाळायचा.

सरफोजी दत्तक होते. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना मांडीवर घेतलं आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची काळजी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्यावर आली. गादी काकांकडे, अमरसिंहांकडे गेली. मुलाचं पुढचं शिक्षण मद्रासला, पाद्र्यांच्या देखरेखीखाली झालं. अखेर १७९८ मध्ये गादी मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून सगळा कारभार काढून घेतला. राजांकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख होनांचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा, तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांचा राजा, हातात राज्य नाही, समोर बत्तीसेक वर्षांचं आयुष्य.

अशा जागी दुसरा एखादा दारूत किंवा नाचगाण्यात बुडाला असता. या माणसाने कागद गोळा केले. नायकांच्या काळापासून राजवाड्यात पोथ्यांचं भांडार होतंच. सरफोजींनी ते वाढवलं, पंडित नेमले, नकला करवल्या, १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही पोथ्या आणल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, ताडपत्रावर आणि कागदावर. मराठी हस्तलिखितंच तीन हजारांवर आहेत. शिवाय मोडीतल्या दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे: कोठीचा खर्च, देवळांच्या नेमणुका, छत्रांत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळांत, जेवलेल्या माणसांचा शिधा.

डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं तर मला कधी एकदा पाहीन असं झालंय. राजवाड्यात धन्वंतरी महाल नावाने औषधशाळा चालायची. सरफोजी स्वतः नेत्ररोगांत लक्ष घालत. रोगी कोण, काय तक्रार, काय उपचार केले हे लिहून ठेवलेलं आहे, आणि सोबत त्या माणसाच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून घेतलेलं आहे. एका जुन्या पुस्तकात मी त्यातलं एक चित्र पाहिलं. पापणीचा एकेक केस काढलेला. बुबुळावर दुधाळ ढग. पांढऱ्यात तांबड्या शिरा, इतक्या बारीक की चित्रकाराने श्वास रोखूनच कुंचला टेकवला असेल. हा डोळा कुणा राजाराणीचा नव्हता, दरवाजावर आलेल्या रयतेतल्या कुणाचा तरी होता. राजवाड्यातल्या वस्तुसंग्रहालयात तलवारी, पागोटी, जरीचे अंगरखे हे सगळं असतंच आणि तेही बघावं. पण राजाच्या घरात प्रजेचा दुखरा डोळा इतक्या मायेने जपून ठेवलेला मला दुसरीकडे कुठे भेटलेला नाही.

आणि छापखाना. सरफोजींनी राजवाड्यात देवनागरी खिळे पाडून घेतले आणि १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावलि' हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापवलं. आदल्याच वर्षी विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण बंगालमध्ये, श्रीरामपूरला छापलं गेलं होतं. म्हणजे देवनागरीत मराठी पहिल्यांदा छापली गेली ती हुगळीच्या काठी आणि कावेरीच्या मुलखात. पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव गादीवर होते आणि आपल्याकडे पोथी हातानेच उतरत होती. नाटकाचंही तेच. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, तिथून आपण मराठी रंगभूमी मोजतो. त्याच्या दीडशे वर्षं आधी, १६९० च्या आसपास, तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक लिहून मोकळे झाले होते. त्यांनीच तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत आणि हिंदी अशा पाच भाषांचं एक नाटक लिहिलं, प्रत्येक पात्र आपापल्या भाषेत बोलतं असं. घराबाहेर चार भाषा कानावर पडत असल्या की आपली भाषा आकसून बसते अशी माझी समजूत होती. तंजावरने ती मोडली.

सांबार पहिल्यांदा तंजावरच्या मराठ्यांच्या वाड्यात शिजलं, ही गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवलीय. ती दंतकथा आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि तंजावर म्हटलं की लोक तिच्यावरच थांबतात.

१८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्र नसताना वारले. कंपनीने राज्य खालसा केलं आणि वाड्यातल्या खाजगी मालमत्तेलाही हात घातला. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि १८५९ मध्ये निकाल लागला, की हे राज्यकारभाराचं कृत्य आहे, यात न्यायालयाला हात घालता येत नाही. कायदा शिकणारी मुलं आजही हा खटला वाचतात. माझ्या मनात येतं, अशा वेळी कितीतरी ठिकाणचे कागद रद्दीत गेले, भट्टीत गेले. इथले वाचले. बर्नेल नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने इथल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली, ती १८८० मध्ये छापली गेली, आणि १९१८ पासून ग्रंथालय लोकांना खुलं झालं.

त्या बुधवारी ग्रंथालय बंद होतं तरी तो दिवस रिकामा गेला नाही, हेही सांगायला हवं. नायकांच्या दरबार महालातलं कलादालन उघडं होतं. तिथे तिरुवेंकाडूचा ऋषभवाहन शिव आहे, १०११ सालचा, पंचधातूचा. उभा आहे, एक पाय दुसऱ्यावरून हलकेच टाकलेला, डोक्याला नागांनी बांधलेलं केसांचं पागोटं, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकवावा तसा हवेत. नंदी नाही. तो कधी हरवला देव जाणे, पण शिव अजून त्याच्यावर रेललेला आहे. मी त्या हाताखाली वाकून पाहिलं, मनगट किती सैल सोडलंय ते. आधार नसताना इतका निवांत हात घडवता येईल? येणार नाही. मूर्तिकाराने नंदी आधी मनात ठेवला असणार.

आणि मग देवळातली भिंत.

बृहदीश्वराच्या प्राकारात, नैर्ऋत्येच्या बाजूच्या भिंतीवर, सरफोजींनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. आत्या आणि मी तिथे पोचलो तेव्हा हाताशी वीसेक मिनिटं होती. चोळांची अक्षरं सगळ्या देवळाभर गोल, वळणदार, मला परकी. आणि एकदम देवनागरी. इतक्या दूर, हजार वर्षांच्या देवळात, आपलं अक्षर बघून अंगावर काटा आला. पण वाचायला जावं तर काही लागेना. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, एक अक्षर दुसऱ्याला चिकटून अखंड चाललेलं. मी एकेक अक्षर मोठ्याने लावत होते, लहान मुलासारखी.

मागून कुणीतरी मराठीत विचारलं, "वाचता येते?"

पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला विभूती लावलेले एक आजोबा होते. त्यांच्या मराठीची चाल तमिळ होती आणि शब्द माझ्या पणजीचे. सात-आठ पिढ्या इथेच, म्हणाले. घरात मराठी बोलतात, पण शाळा तमिळ, लिहिणं तमिळ, घरातला वाणसामानाचा हिशोबही तमिळ. देवनागरी त्यांना येत नव्हती. "तुम्ही वाचा," म्हणाले, "मी ऐकतो."

मग मी अक्षरं वाचू लागले आणि ते ती ऐकून शब्द तोडू लागले. मला नुसता आवाजांचा ढीग दिसत होता, त्यांना त्यात 'हा शब्द इथे संपला' हे ऐकू येत होतं, कारण त्या वळणाची भाषा त्यांच्या घरात अजून चालू होती. लिपी माझ्याकडे, भाषा त्यांच्याकडे. असं करत आम्ही जेमतेम दोन ओळी लावल्या असतील. आत्या पर्समधला डबीचा चष्मा काढून आमच्या मध्ये उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. तेवढ्यात शिट्टी वाजली, बस सुटायची वेळ झाली. आम्ही आजोबांना वाकून नमस्कार केला. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, ती हळहळ मला आजवर आहे.

त्या दोन ओळींमुळे मी पुढे मोडी शिकले. शनिवार-रविवारचा वर्ग होता. पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्या, मग तिला अक्षरं लटकवा. हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. शब्द तोडायचे नाहीत, तोडणं हे वाचणाऱ्याचं काम. हे ऐकलं आणि मला भिंतीपाशी उभे असलेले आजोबा दिसले. तंजावरी मोडीचं वळण आपल्या पेशवाईच्या मोडीहून वेगळं आहे आणि ते मला अजून धड लागत नाही. तिकडच्या तमिळ विद्यापीठाने यातल्या बऱ्याच कागदांची तमिळ भाषांतरं छापलीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या आजोबांचे कागद शेजाऱ्याने वाचून, समजून, आपल्या भाषेत नेऊन ठेवले. आपल्याकडे मोडी वाचणारे वाढले तर ते काम दोन्ही बाजूंनी पुढे जाईल.

बाकी तयारी साधी आहे. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस सकाळी तंजावरला पोचवते. आत्यासाठी खालचा बर्थ मिळालाय. जानेवारी आम्ही टाळला, कारण पोंगलच्या सुट्ट्या आणि मग सव्वीस जानेवारी, ग्रंथालय कधी उघडं आणि कधी बंद याचा मेळ बसेना. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे. देवळात सकाळी लवकर जायचं. दुपारी देऊळ बंद असतं आणि त्याआधीच फरशी अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. राजवाड्याच्या मनोऱ्यांचे जिने उंच आहेत, आत्याचे गुडघे ते मानणार नाहीत, म्हणून ते सोडले. मराठ्यांच्या दरबार महालातले रंगवलेले खांब मात्र सावकाश बघायचे, तिथे टेकायला कठडा आहे. वेळ उरला तर ओरत्तनाडूला जायचं. सरफोजींनी तिथे मुक्तांबाळ छत्र बांधलं, रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना जेवण आणि पोरांना फुकट शाळा. ग्रंथालयातलं वस्तुसंग्रहालय सगळ्यांना खुलं आहे. मोडी कागद प्रत्यक्ष बघायला मिळावा म्हणून मी रीतसर अर्ज लिहिलाय. मागितलंय एकच, एखाद्या छत्राच्या शिध्याचा कागद. किती माणसं जेवली, किती तांदूळ लागला, एवढं जरी मला स्वतःला वाचता आलं तरी पुष्कळ.

काल रात्री आत्याचा फोन आला. मी तिला दिवसांची वाटणी वाचून दाखवली: गुरुवारी सकाळी पोचणं, देऊळ, संध्याकाळी तटाची फेरी, शुक्रवारी ग्रंथालय आणि राजवाडा, शनिवारी तिरुमलवाडी, रविवारी ओरत्तनाडू. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गुरुवारी देवळात बाकी काही ठेवू नकोस," ती म्हणाली. "आपण भिंतीपाशीच बसू. तू मोठ्याने वाच. सकाळची वेळ आहे, ते गृहस्थ येतीलही. नाहीतर त्यांच्या घरचं कुणीतरी."

मी म्हटलं, "आत्या, बारा-तेरा वर्षं झाली गं."

"मग काय झालं? सात-आठ पिढ्या आहेत ना ते तिथे? बरं, ती सतरंजी घे. फरशी सकाळी गार असते."